छोट्या ट्रॅक्टरला मागे बॅकहो बसवला त्याची हकीकत

३०-३५ एचपीचा ट्रॅक्टर दारात आहे आणि त्याच्या मागे तो खणायचा हात, म्हणजे बॅकहो, बसवावा असं मनात आहे, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मोठ्या ५० एचपीच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर मागे बॅकहो लावलेलं मशीन सगळ्यांनी बघितलंय, त्याची माहितीही भरपूर मिळते, पण छोट्याला लावायचं म्हटलं की एकजण म्हणतो काय नाय होत बिनधास्त लावा आणि दुसरा म्हणतो गिअरबॉक्स फुटेल. खरं दोन्हीच्या मधे आहे.

आमची बाग राजापूर तालुक्यात. खालच्या अंगाला आजोबांच्या वेळची हापूसची कलमं, वरचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, इतकी वर्षं पडीकच होता, तिथे काजू करायचा ठरवला, वेंगुर्ला ४ आणि ७ या जाती. काजूला ६० सेंटीमीटर लांब रुंद खोल खड्डा पुरतो, पण मधेमधे हापूसही लावायचा होता आणि त्याला एक मीटरचा लागतो, वर पाईपलाईनचा चर, आणि उताराला आडवे पाणी अडवायचे चर वेगळेच. हे सगळं पहार पिकावाने करायचं म्हणजे गडी पाहिजेत, आणि गडी कुठायत. जेसीबी बोलवावा तर तो आत येतच नाही, आमच्या पाणंदीला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे आणि मधे जेमतेम सहा फूट वाट, जेसीबीला सात फुटांपेक्षा जास्त लागते. गडगा पाडायचा तर भावकीतल्या चार घरांचा होकार पाहिजे आणि त्यातलं एक घर मुंबईत, एक बडोद्याला, त्यापेक्षा मशीन घेणं सोपं. (हसू नका, ज्यांचं कोकणात सामाईक आहे त्यांना कळेल.)

छोटा एक्स्कव्हेटर, तो दोन-तीन टनाचा पट्ट्यावर चालणारा, भाड्याने आणायचा विचार पण केला. काम त्याचं झकास असतं, त्यात वाद नाही. पण आमच्याकडे तो सहज मिळत नाही, ट्रकवर घालून आणायचा म्हणजे दोन्ही वेळचं भाडं अंगावर, आणि आमचं काम एका झटक्यात होणारं नव्हतं, आज चार खड्डे, परवा चर, मग पंधरा दिवस काही नाही, असं.

घरचा ट्रॅक्टर कुबोटाचा एल ३४०८. ३४ एचपी, फोर व्हील (म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद जाणारा), वजनाला साधारण अकराशे किलो. लिफ्ट, म्हणजे मागे अवजार उचलणारे हायड्रॉलिक हात, ९०० किलोच्या आसपास उचलते. हा ९०० चा आकडा लक्षात ठेवा कारण विकणारे नेमका तोच पुढे करतात. म्हणतात की आमचं मशीन पाचशे किलोचं, तुमची लिफ्ट ९०० ची, झालं की, पिना घाला आणि चालू करा.

मोशीच्या किसान प्रदर्शनात फिरलो, नंतर फोटो व्हिडिओ मागवले, राजकोटकडचे, पंजाबचे, एक कोल्हापूरचा. प्रत्येकजण काय सांगतो, तर किती फूट खोल जातं, बकेट किती लिटरची, रंग कुठला पाहिजे. मशीन ट्रॅक्टरला धरतं कुठे हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि माझ्या मते आधी बघायची गोष्ट ती एकच, खोली बिली नंतर.

ट्रकला खाली चेसिस असते, तिच्यावर इंजिन गिअरबॉक्स ठेवलेले असतात. ट्रॅक्टरला बहुतेक तसं काही नसतं. पुढे इंजिन, त्याच्या मागे क्लच हाऊसिंग, मग गिअरबॉक्स, मग मागचा धुरा, हे सगळे बिडाचे डबे एकमेकांना बोल्टने जोडलेले, आणि तेच ट्रॅक्टरचं पाठीचं हाड. नांगर ओढताना, रोटाव्हेटर मारताना त्यावर जो ताण येतो त्याच्या हिशोबानेच ते बनवलेलं असतं. पण बॅकहो जमिनीत दात रोवून खेचायला लागतो तेव्हा मागून वर-खाली जो पीळ पडतो तो वेगळा. थ्री पॉइंटला, म्हणजे लिफ्टचे खालचे दोन लिंक आणि वरची टॉप लिंक यांना, नुसता टांगलेला बॅकहो असेल तर तो सगळा पीळ टॉप लिंकच्या ब्रॅकेटवर आणि तिथून गिअरबॉक्सच्या डब्यावर. बीड वाकत नाही, तडकतं. दुसरं म्हणजे लिफ्ट वरच्या दिशेने जोर लावते, खाली दाबून धरत नाही, त्यामुळे बकेटने जमीन दाबली की मशीनच वर उचललं जातं आणि टॉप लिंक तुटली किंवा पिन निसटली तर ते अख्खं धूड सीटवर बसलेल्या माणसाच्या दिशेने येतं, मागे रोलबारची (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी) कमान असली तर माणूस मधे सापडतो. हे वाचल्यावर थ्री पॉइंटवाले सगळे कोटेशन बाजूला ठेवले. स्वस्त होते, पण नाही.

म्हणजे राहिला फ्रेमवाला. ट्रॅक्टरच्या पोटाखालून दोन्ही बाजूंनी जाड चॅनल, पुढे एक्सलच्या वरच्या ब्रॅकेटला पकडलेले आणि मागे धुऱ्याच्या दोन्ही हातांना, आणि बॅकहो त्या फ्रेमच्या शेपटाला दोन वरच्या दोन खालच्या पिनांवर बसतो. खणताना पीळ फ्रेम खाते, ट्रॅक्टर नुसता वजन म्हणून उभा. फ्रेमचे पैसे जास्त जातात, पाऊण लाखाचा फरक होता माझ्या कोटेशनमधे.

आता एचपीचं. सगळे विचारतात ३४ एचपी पुरतो का. हिशोब करून बघा. बॅकहोला स्वतःचा पंप असतो, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे निघणाऱ्या फिरत्या दांड्यावर, बसणारा, १६ सीसीचा. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, पुढे एकास तीनचा छोटा गिअरबॉक्स, म्हणजे पंप सोळाशेच्या घरात फिरतो आणि मिनिटाला साधारण २५ लिटर तेल देतो. प्रेशर १५० बार. २५ गुणिले १५० भागिले ६०० म्हणजे सव्वासहा किलोवॅट, साडेआठ एचपी. गळती घर्षण धरून दहा म्हणा. म्हणजे ३४ मधले दहा. एचपीचा इथे प्रश्नच नाही, २४ एचपीचा ट्रॅक्टरसुद्धा तो पंप आरामात फिरवेल. अडतं ते वजनाला.

वजनाचा पण हिशोब केला, ज्यांच्याकडे पुढे फ्रेम बनवली त्या कोल्हापूरच्या मिस्त्रीसमोर बसून त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर. बॅकहो ४८० किलो, फ्रेम वेगळी. दुमडून ठेवल्यावर त्याचं वजन मागच्या धुऱ्यापासून साधारण ९० सेंटीमीटर मागे पडतं, आणि दोन चाकांमधलं अंतर १६० च्या आसपास. ४८० गुणिले ९० भागिले १६०, म्हणजे पुढच्या चाकांवरचे २७० किलो उचलले गेले. पुढच्या चाकांवर मुळात साडेचारशे-पावणेपाचशे असतील, उरले दोनशे. सपाटीला चालेल, पण आमच्या घाटीला चढणीवर तोंड वर करून जाताना स्टिअरिंग फिरवा नाहीतर नका फिरवू, ट्रॅक्टर सरळच जाणार. म्हणून पुढे २५ किलोची सहा वजनं टाकली, ती पुढच्या एक्सलच्याही दोन फूट पुढे असल्यामुळे दीडशे किलोची दोनशेच्या वर गुणाला येतात. मागच्या टायरमधे पाणी भरा असं बरेचजण सांगतात, त्याने बुड जड होतं, आडवा तोल सुधारतो, खणताना घसरणं कमी होतं, पण पुढचं तोंड खाली राहायला त्याचा काही उपयोग नाही. दोन्ही वेगवेगळी कामं आहेत.

ट्रॅक्टरच्या शोरूमला विचारलं तर त्यांनी तोंडी सांगितलं की बाहेरचं असलं काही लावलं तर वॉरंटी विसरा. माझी वॉरंटी तशीही संपत आली होती. ज्यांचा ट्रॅक्टर नवा आहे त्यांनी हे लेखी विचारून घ्या, आणि विम्याचंही.

बकेट १२ इंची घेतली. १८ इंची दिसायला भारी दिसते पण जांभ्यात रुंद बकेट नुसती वर घासते, जोर सगळा दातांत वाटला जातो. तीन दात, बदलता येणारे, पिनवाले. वेल्डिंगने चिकटवलेले दात घेऊ नका, झिजले की दरवेळी गॅरेज गाठावं लागतं.

ट्रॅक्टर टेम्पोत घालून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला नेला. फ्रेम तिथेच आपल्या ट्रॅक्टरवर माप घेऊन बनवून घ्यायची हे आधीच ठरवलं होतं, कारण या मॉडेलची तयार फ्रेम मिळते म्हणून सांगणारा एक भेटला होता पण त्याच्या फोटोतला ट्रॅक्टर टू व्हील निघाला. फोर व्हीलला पोटाखालून पुढच्या एक्सलला जाणारा शाफ्ट असतो, ऑईल काढायचा बोल्ट असतो, ते सगळं सोडून चॅनल न्यायचे असतात. मिस्त्री साठीचे, हाताखाली दोन पोरं. पहिलंच वाक्य, "पाव्हणं, ट्रॅक्टरच्या बॉडीला मी एक टाका मारणार न्हाई आणि एक भोक पाडणार न्हाई, चालंल का?" मी म्हणलं मिस्त्री, हेच ऐकायला एवढा घाट चढून आलोय. बिडावर वेल्डिंग केलं की त्याच्या कडेने पुढे कधीतरी तडा जातोच, आणि हाऊसिंगला भोक म्हणजे तर विचारूच नका.

आधी सगळं उतरवलं. खालचे दोन्ही लिंक, टॉप लिंक, ड्रॉबार, मागचा हूक. लिफ्टचे हात वर करून बांधून टाकले. मग चॅनल लाकडी ठोकळ्यांवर ठेवून खालून लावून बघायचे, खडूने खुणा, काढायचे, कापायचे, परत लावायचे. हेच सगळ्यात जास्त वेळ खातं. पुढे ट्रॅक्टरला कंपनीनेच दिलेली बोल्टची भोकं होती ती वापरली, मागे धुऱ्याच्या हातांवर जाड प्लेट आणि यू बोल्ट. दोन गोष्टी मिस्त्रींनी फार मन लावून तपासल्या. एक, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे वळवून, आणि पुढचा एक्सल एका बाजूने जॅकने उचलून, टायर चॅनलला लागतोय का. सपाट फरशीवर लागत नाही पण खड्ड्यात एक चाक वर गेलं की लागतं. एका बाजूला लागत होता, तिथे चॅनल आत घेतला. दोन, प्लेट आणि धुऱ्यामधे फट राहते का. फट ठेवून बोल्ट आवळला तर आवळताना प्लेट बिडाला ओढते आणि बसवतानाच ताण भरून ठेवते, म्हणून तिथे पत्र्याच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, घातल्या आणि मगच आवळलं. बोल्ट सगळे १०.९ चे, डोक्यावर हा ताकदीचा आकडा कोरलेला असतो तो बघून घ्या, दुकानदार ८.८ चा हातात ठेवतो. आवळायला टॉर्क पाना. आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर परत सगळे एकदा आवळायचे, कारण रंग दबतो, शिम बसतात, आणि बोल्ट ढिला न दिसता ढिला होतो. माझे मागचे दोन खरंच पाव-पाव फेरा फिरले.

मग पीटीओचा पंप. पीटीओच्या दांड्यावरच्या सहा दातांच्या खाचांवर (स्प्लाइन) गिअरबॉक्ससकट सरळ सरकवून बसतो, पण तो पीटीओबरोबर गरागरा फिरू नये म्हणून एक हात फ्रेमला अडकवावा लागतो. काही लोक साखळी बांधतात, आम्ही पट्टी केली आणि तिला थोडी हालचाल ठेवली, एकदम घट्ट आवळली तर पीटीओच्या बेअरिंगवर ताण येतो. तेलाची टाकी ४० लिटरची, ती बॅकहोच्याच अंगात. हायड्रॉलिक ऑईल ६८ नंबर घातलं, आमच्याकडच्या उन्हात ४६ पातळ पडतं असं मिस्त्रींचं मत, आणि मला पटलं. टाकी ते पंप हा सक्शनचा पाईप जाड आणि आखूड पाहिजे, त्याची क्लिप ढिली असली तर तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते, आणि पंप खडे दळल्यासारखा ओरडायला लागतो.

चालू करताना इंजिन अगदी स्लोला, आणि एकेक सिलिंडर हळूहळू पूर्ण बाहेर, पूर्ण आत. बूम (मुळाकडचा हात), आर्म (त्याच्या पुढचा), बकेट, मग डावा-उजवा वळवणारा स्विंग, मग मशीन जमिनीला टेकवणारे दोन्ही पाय. सहा लिव्हर. सिलिंडरमधे तेल भरलं की टाकीतलं कमी होतं, सगळे आत घेऊन परत पातळी बघायची. होज कुठे घासतो, स्विंग पूर्ण फिरल्यावर कुठे चिमटतो हे तेव्हाच बघायचं. गळती शोधायला एक पोरगा हात फिरवायला गेला तर मिस्त्रींनी त्याला असा आवाज दिला की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर आले. १५० बारच्या बारीक पिचकारीने तेल कातडीच्या आत घुसतं, बाहेरून नुसता टाचणीचा ठिपका दिसतो आणि आतून हात सडतो, थेट ऑपरेशनची वेळ येते. पुठ्ठा फिरवायचा, तेलाचा डाग पुठ्ठ्यावर पडतो.

मागे बसायला वेगळी सीट होती, ती मूळ डिझाईनमधे रोलबारच्या फार जवळ येत होती, आम्ही फ्रेमचं शेपूट थोडं लांबवून मधे माणूस आरामात फिरेल एवढी जागा केली. त्याने वजन अजून मागे गेलं, म्हणून वरचा ९० चा हिशोब मी शेपूट धरूनच सांगितलाय.

घरी आणल्यावर दसरा झाला होता. वेळ मुद्दाम तशी धरली. खड्डे आपल्याकडे बहुतेकजण एप्रिल-मे मधे मारतात, आणि मे मधला जांभा म्हणजे लोखंड. हा दगड जमिनीतून ओला असताना मऊ असतो म्हणून तर त्याचे चिरे पाडता येतात, उघड्यावर वाळला की कडक होत जातो. पाऊस सरल्यावर जमिनीत ओल असते तेव्हा हे छोटं मशीन जे खणतं ते वैशाखात खणू शकत नाही. तरीसुद्धा खरा कातळ लागला की थांबायचं. दात टेकवून पूर्ण प्रेशर दिलं की दगड हलत नाही, ट्रॅक्टरच मागे खेचला जातो. तिथे आधी हाताने कडेची फट पहारीने मोकळी करायची आणि मग बकेटच्या दाताने ढिसूळ तुकडा उचकटायचा, किंवा सरळ खड्डा दोन फूट बाजूला घ्यायचा. आपल्या झाडाच्या रांगा थोड्या वाकड्या झाल्या तर काजूला राग येत नाही.

आमच्याकडे पुढे लोडर नाही. ज्यांच्याकडे आहे ते पुढची बकेट खाली दाबून ट्रॅक्टर रोवून ठेवतात, आम्हाला ती सोय नाही, म्हणून हँडब्रेक, चाकांच्या मागे दोन-दोन चिरे, आणि पाय दाबून मागचे टायर जेमतेम हलके करायचे, हवेत लटकवायचे नाहीत. उतारावर खणताना माती शक्यतो वरच्या बाजूला टाकायची, भरलेली बकेट लांब करून उताराकडे फिरवली की वरच्या बाजूचा पाय उचलला जातो, तो उचललेला दिसला की पोटात गोळा येतो. वर टाकलेली माती थोडी परत खड्ड्यात येते, येऊ दे.

वेगाबद्दल खोट्या आशा नकोत. जेसीबी जिथे दोन बकेटमधे खड्डा करतो तिथे याला आठ-दहा लागतात. मऊ जागेत काजूचा खड्डा चहा निवायच्या आत होतो, हापूसचा मीटरभराचा खडकाळ जागेत असेल तर अर्धा तास पण खातो. शिवाय एका जागेवरून उठायचं म्हणजे पाय उचला, बूम दुमडा, स्विंगची लॉक पिन घाला, सीट बदला, पुढे जा, परत सगळं उलट. आमचा चुलतभाऊ आता हे सगळं डोळे मिटून करतो, मला अजून लिव्हर बघावा लागतो.

पैशाचं. बॅकहो, फ्रेम, वजनं, तेल आणि टेम्पो मिळून तीन लाखाच्या थोडं वर गेलं. जेसीबी आमच्याकडे तासाला बाराशे-तेराशे घेतो. म्हणजे जेसीबीचे अडीचशे तास वाचल्यावर बरोबरी, आणि तेही आमचे तास त्याच्या तासाच्या पाव कामाचे. या हिशोबात कोणालाच घेऊ नका म्हणून सांगेन. ज्याच्या बागेत जेसीबी जातो त्याने जेसीबीच बोलवावा, दोन दिवसात मोकळा. आमच्याकडे वाट नव्हती आणि काम तुकड्यातुकड्याने होतं म्हणून परवडलं. भाड्याने द्यायचं स्वप्न बघून तर अजिबात घेऊ नका, दुसऱ्याच्या बांधावर कातळ लागला आणि मालक मागे उभा राहून मार अजून मार म्हणाला की फ्रेम गेलीच.

मृग जवळ आला की उतरवतो, कारण चिखलणीला रोटाव्हेटर लागतो आणि त्याला थ्री पॉइंट मोकळा पाहिजे. उतरवणं माणसांच्या जोरावर करायचं नाही. सपाट जागा बघून पाय टेकवायचे, बकेट जमिनीला टेकवायची, त्याच्याच हायड्रॉलिकने ते थोडं वर उचललं की वरच्या पिना हाताने निघतात, मग खालच्या, मग इंजिन बंद करून लिव्हर पुढे-मागे हलवून प्रेशर सोडायचं, मग पंप पीटीओवरून ओढून बॅकहोवरच टांगायचा, होज सोडायचे नाहीत, पुढे ट्रॅक्टर हळूच काढून घ्यायचा. चढवताना तेच उलट, फक्त भोकं जुळवताना बोट आत घालून बघायचं नाही, सळई घालायची. फ्रेम मात्र आम्ही वर्षभर ट्रॅक्टरला तशीच ठेवतो, तिच्यामुळे पोटाखालची उंची जरा कमी झालीय, वाफ्याचे बांध चढताना घासते, त्याची सवय झाली.

पावसाळ्यात ठेवताना सगळे सिलिंडर जमेल तेवढे आत घेऊन ठेवायचे आणि जो चकचकीत रॉड बाहेर राहतो त्याला ग्रीसचा जाड थर. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्या क्रोमला चार महिन्यात बारीक गंजाचे खड्डे पडतात आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा चालवलं की तेच खड्डे सील कापतात. ग्रीस निपल मोजून घ्या आणि कामाच्या दिवशी सकाळी सगळ्यांना पिचकारी मारा, स्विंगच्या उभ्या पिनेला विसरू नका, ती सगळ्यात आधी खाते आणि बकेट डावी-उजवी डुगडुगायला लागते. माझी पहिली बुश आताच बदलली, कोल्हापूरहून मागवली, कुरियरने दोन दिवसात आली, स्वस्तात झालं. पुढच्या सुगीनंतर पुढे एक छोटा डोझर पाता लावायचा विचार आहे, म्हणजे चिरे लावायची कटकट जाईल आणि खड्ड्यातली माती परत लोटायलाही होईल, मिस्त्रींना फोटो पाठवलेत, ते म्हणतात आधी पुढची वजनं काढावी लागतील, मग बघू.